अंगठ्याच्या सांध्यावर दुखरी गाठ : युरिक ॲसिड वाढले आहे, पण हा गाऊटच आहे का?

पोफळीचे आगर (गुहागर तालुका), १२ सप्टेंबर

नमस्कार. माझे वय ५२ असून समुद्रालगतच आमचे नारळ-पोफळीचे आगर आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, जेथे अंगठा पावलाला जोडला जातो त्या सांध्यावर, एक टणक गाठ आली आहे. ती प्रथम गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर जाणवली, परंतु तेव्हा दुखत नसल्यामुळे मी लक्ष दिले नाही. या वर्षीच्या मे महिन्यापासून मात्र ती चांगलीच दुखू लागली आहे. घरापासून आगरापर्यंत जाणारी आमची पाखाडी साठ-सत्तर पायऱ्यांची आहे. ती उतरताना फारसे काही होत नाही, पण चढताना प्रत्येक पायरीला सांध्यात कळ येते. उकिडवे बसून बेणणी करणे तर जवळजवळ बंदच झाले आहे. गणपतीत मूर्तीपुढे बसून उठताना सर्वांच्या देखत हात टेकून उठावे लागले आणि तेव्हाच घरच्यांनाही दुखण्याची खरी कल्पना आली.

जूनमध्ये जवळच्या एका दवाखान्यात दाखवले. त्यांनी रक्त तपासले. युरिक ॲसिड ७.४ आले आणि तेवढ्यावरून गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा विकार, असल्याचे सांगण्यात आले. पायाला हात लावून तपासणी झाली नाही आणि एक्स-रेही काढला नाही. वेदनाशामक गोळ्या दहा दिवस दिल्या, त्यांनी तेवढ्यापुरते बरे वाटले. मासे, डाळी आणि पालेभाज्या पूर्ण बंद करण्यास सांगितले, म्हणून जूनपासून आमच्या घरात माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक होत आहे. समुद्रकाठच्या माणसाला मासे सोडणे किती जड जाते, ते येथील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही मी ते कसोशीने पाळले. तीन महिन्यांनंतर गाठ तेवढीच आहे आणि दुखणे तसूभरही कमी झालेले नाही.

मधल्या काळात एका नातेवाइकांच्या आग्रहावरून गाठीवर बिब्बा लावला. तो उतला, मोठे फोड आले आणि ती जखम भरायला तीन आठवडे लागले. गाठीवर काहीही परिणाम झाला नाही.

मला रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे. माझा प्रश्न असा की पथ्य पाळूनही गाठ का जात नाही, आणि यापुढे कोणत्या डॉक्टरांना दाखवावे?

निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ (चिपळूण), १२ सप्टेंबर

आपण दुखण्याचे वर्णन इतके नेमके केले आहे की त्यातच बरेचसे उत्तर आहे. तरीही पाय प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, त्यामुळे माझे पुढील म्हणणे आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने वाचावे.

अंगठ्याजवळची गाठ हा काही एकच आजार नव्हे. गाठ नेमकी कोणत्या बाजूला आहे, हाताला कशी लागते आणि दुखणे केव्हा येते व केव्हा जाते, या तीन गोष्टींवरून तिची जात ओळखावी लागते. पावलाच्या आतील कडेला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या बाजूला, हाड बाहेर आलेले असेल आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला असेल, तर त्यास बुनियन म्हणतात. सांध्याच्या वरच्या अंगाला टणक उंचवटा असेल आणि अंगठा वर वळवताना अडत असेल, तर सांध्याची झीज होऊन त्याच्या कडेला हाड वाढलेले असण्याची शक्यता अधिक असते. गाठ मऊ, रबरासारखी, दाबल्यावर थोडी सरकणारी असेल आणि तिचा आकार कमीजास्त होत असेल, तर ती बहुधा सांध्यातील द्रवाने भरलेली पिशवी, म्हणजे गँगलियन असते. तळव्याकडील टणक गाठ बहुतेक वेळा भोवरी किंवा चामखीळ असते, आणि नखाच्या कडेला लाल, ओलसर, ठणकणारी गाठ असेल तर नख मांसात रुतलेले असते. कोकणातल्या मंडळींमध्ये आणखी एक कारण मी अनेकदा पाहिले आहे, ते म्हणजे आत राहिलेला काटा. माशाचा काटा, माडाच्या झावळीची काडी किंवा कालवाच्या शिंपल्याचा तुकडा आत मोडून राहतो, वरची जखम भरते आणि काही आठवड्यांनी तेथे गाठ तयार होते. रुग्णाला तो प्रसंग आठवतही नाही.

आता गाऊटविषयी. गाऊट अंगठ्याच्या याच सांध्याला सर्वाधिक आवडते स्थान मानतो, हे खरे आहे. तेथे तापमान कमी असते आणि थंड जागी युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक लवकर तयार होतात. परंतु गाऊटची चाल वेगळी असते. तो बहुधा मध्यरात्री किंवा पहाटे अचानक येतो, बारा ते चोवीस तासांत पराकोटीला पोहोचतो, सांधा लालभडक आणि गरम होतो, आणि उपचार न केले तरी साधारण एक-दोन आठवड्यांत उतरतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात सुरुवातीच्या वर्षांत पाय अगदी निरोगी वाटतो. आपले दुखणे रोजचे आहे, चढाशी आणि उकिडवे बसण्याशी बांधलेले आहे, आणि त्यात लाली किंवा उष्णता यांचा उल्लेख नाही.

रक्तातील युरिक ॲसिड वाढलेले असणे आणि गाऊट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण ६.८ च्या वर ते रक्तात पूर्ण विरघळून राहू शकत नाही, तरीही ज्यांचे प्रमाण वाढलेले आहे अशा बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही गाऊटचा झटका येत नाही. याउलट प्रत्यक्ष झटका चालू असताना रक्ताचा अहवाल सामान्य येऊ शकतो, म्हणून झटका ओसरल्यावर किमान दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. केवळ त्या एका आकड्यावरून निदान करणे मला मान्य नाही.

कृपया पुढील गोष्टी कळवा. गाठ सांध्याच्या वरच्या बाजूला आहे की आतील कडेला? खुर्चीवर बसून दोन्ही अंगठे हाताने वरच्या दिशेला वळवून पाहिले तर उजवा डाव्यापेक्षा कमी वळतो का? पूर्वी या अंगठ्याला मार लागला होता का? रक्तदाबाच्या गोळीत नेमकी कोणती औषधे आहेत? आणि रक्तातील साखर शेवटची केव्हा तपासली?

बंदरकाठ (मालवण), १३ सप्टेंबर

मला गाऊट आहे आणि तो नऊ वर्षांपासून आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो. डॉक्टरांनी वर्णन केलेला झटका म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्याला विसरता येत नाही. पहिल्या वेळी लग्नघरातून जेवून आलो, रात्री दोनच्या सुमारास जाग आली आणि अंगठ्यावर पांघरुणाचा नुसता स्पर्शही सहन होईना. शेजारून कोणी चालत गेले तरी जमिनीचा हादरा सांध्यात जाणवत होता. आठव्या दिवशी मी बंदरावर मासळीच्या लिलावाला चालत गेलो होतो, जणू काही झालेच नव्हते.

तेथेच माझी चूक झाली. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला असे मी समजत राहिलो. ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड कमी करणारे औषध सुरू केले की दोन महिन्यांनी सोडून द्यायचो, पुढच्या झटक्याला वेदनाशामक घ्यायचो आणि पुन्हा विसरायचो. सहाव्या वर्षी अंगठ्याच्या सांध्यावर, कोपरावर आणि कानाच्या पाळीच्या कडेला गाठी आल्या. अंगठ्यावरची गाठ एकदा फुटली तेव्हा तिच्यातून चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखा पांढरा पदार्थ आला. तो पू नसून साठलेले युरिक ॲसिड होते. प्रश्नकर्त्या दादांनी हे ध्यानात घ्यावे की गाऊटची गाठ साधारणपणे अशी अनेक वर्षांच्या झटक्यांनंतर तयार होते. आपल्याला एकही झटका आलेला नसताना पहिल्याच वर्षी गाठ यावी, हे माझ्या अनुभवाशी जुळत नाही.

त्यानंतर मी ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू केले. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा वाढवली आणि पातळी ६ च्या खाली आणून तेथेच ठेवली. पहिल्या काही महिन्यांत उलट झटके वाढू शकतात, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून सोबत कॉल्चिसिन या झटके रोखणाऱ्या औषधाची लहान मात्रा सहा महिने दिली होती. औषध सुरू केल्यावर अंगावर पुरळ आले तर ताबडतोब गोळी थांबवून दाखवायला यावे, हेही त्यांनी बजावले होते. दोन वर्षांत कोपरावरची गाठ नाहीशी झाली आणि अंगठ्यावरची अर्ध्याहून लहान झाली.

माशांविषयी स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे गाऊट म्हटले की प्रथम ताटातील मासा उचलला जातो. मला तारली, मांदेली, शिनाणे आणि सुकी मासळी यांवर मर्यादा घालायला सांगितले. सुक्या मासळीतील पाणी गेलेले असल्याने तेवढ्याच वजनात प्युरिन, म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनते तो घटक, अधिक असतो. कलेजी आणि बिअर पूर्ण बंद आहे. साखर घातलेली थंड पेयेही मी सोडली, कारण त्यांतील फ्रुक्टोजमुळे युरिक ॲसिड वाढते. आमच्याकडे पाहुण्याला कोकम सरबत देतात, ते मी आता साखरेशिवाय, मीठ-जिरे घालून घेतो. इतर मासे आठवड्यातून दोन वेळा, बेताने खातो. डाळ आणि पालेभाजी मला कोणीही बंद केलेली नाही, कारण भाजीपाल्यातील प्युरिनमुळे झटक्यांचा धोका वाढत असल्याचे दिसत नाही, असे माझे डॉक्टर म्हणतात. पथ्याने माझी पातळी फार तर एका अंकाने उतरली असती. ती ६ च्या खाली आली ती औषधानेच.

दापोली तालुक्यातील एक कन्या, १३ सप्टेंबर

वरील डॉक्टरांनी साखरेविषयी विचारले आहे, त्या एका प्रश्नासाठी मी लिहीत आहे. कृपया तो प्रश्न टाळू नका.

माझ्या बाबांना मधुमेह होता आणि त्यांचे वय तेव्हा ६८ होते. त्यांच्या अंगठ्याच्या तळव्याकडील बाजूला टणक गाठ आली. सर्वांनी ती भोवरी ठरवली. दुकानातून भोवरीची पट्टी आणून लावली आणि वरची कातडी ते स्वतः दाढीच्या पात्याने तासत असत. ती दुखत नव्हती, म्हणून आम्हीही निश्चिंत होतो. प्रत्यक्षात पायाची संवेदना गेल्यामुळे ती दुखत नव्हती. त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असते आणि ते निरोगी कातडीही जाळते, हे आम्हाला नंतर समजले. घट्ट्याखाली जखम झाली, ती हाडापर्यंत गेली, आणि आईला पायाचा वास आला तेव्हा आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. अंगठा काढावा लागला.

दादा, तुम्ही बिब्बा लावला, फोड आले आणि ती जखम तीन आठवड्यांत भरली, हे वाचून मला धस्स झाले. साखर वाढलेली असती तर ती कदाचित भरली नसती. बिब्ब्याचे तेल कातडी भाजून काढते आणि हाडाच्या किंवा सांध्याच्या गाठीपर्यंत ते पोहोचतही नाही. आमच्या गावात आजही भोवरीवर, गाठीवर, कुरुपावर बिब्बा लावतात आणि ते सांगणारी माणसे आपल्या भल्यासाठीच सांगत असतात, म्हणून त्यांना नाही म्हणणे कठीण जाते. मी हल्ली बाबांची गोष्ट सांगते, म्हणजे वेगळे नाही म्हणावे लागत नाही.

बाबा आता आगरात अनवाणी जात नाहीत. आई रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर त्यांचे दोन्ही तळवे आरशात पाहते. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणेही बंद केले आहे, कारण पाणी किती गरम आहे ते त्यांच्या पायाला कळत नाही.

मुख्याध्यापिका, सेवानिवृत्त (सावंतवाडी), १४ सप्टेंबर

माझी गाठ सांध्याच्या आतील कडेला आहे आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढू लागला आहे, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले बुनियन. माझ्या आईचे पाऊल असेच होते. बोटांच्या मध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा मी दोन वर्षे वापरला. त्याने घर्षण आणि दुखणे कमी झाले, परंतु अंगठा सरळ झाला नाही, आणि तो तसा होतही नाही असे मला नंतर सांगण्यात आले. ज्या जाहिराती रात्रीच्या पट्ट्याने हाड जागेवर आणण्याचे आश्वासन देतात त्यांवर पैसे घालवू नयेत, एवढेच सांगायचे आहे. पुढे रुंद चपला घेतल्यावर मला खरा आराम मिळाला.

पोफळीचे आगर, १४ सप्टेंबर

सर्वांचे मनापासून आभार. बाबांविषयी लिहिणाऱ्या ताईंचे विशेष, कारण ते लिहिणे सोपे गेले नसेल. साखर तपासून तीन वर्षे झाली आहेत. उद्याच उपाशीपोटी तपासून घेतो.

डॉक्टरसाहेब, गाठ वरच्या बाजूला आहे, टणक आहे आणि हाडासारखी लागते. दोन्ही अंगठे वळवून पाहिले. डावा सहज वर जातो, उजवा थोडा वर जाऊन भिंतीला टेकल्यासारखा थांबतो आणि पुढे रेटला तर तीच कळ येते जी पाखाडी चढताना येते. लाली किंवा रात्रीचे दुखणे कधीच झालेले नाही. मार लागला होता का, हे विचारल्यावर आठवले. साधारण पंधरा वर्षांपूर्वी गडगा घालताना जांभ्याचा चिरा याच अंगठ्यावर पडला होता. तेव्हा सूज महिनाभर होती, पण हाड मोडले नसेल असे समजून मी एक्स-रे काढला नाही. रक्तदाबाच्या गोळीवर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशी दोन नावे आहेत.

निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ, १५ सप्टेंबर

आपण दिलेली उत्तरे एकाच दिशेला बोट दाखवतात. आपला सांधा आखडला असून त्याच्या वरच्या कडेला हाड वाढले असावे, अशी माझी शंका आहे. या विकाराला हॅलक्स रिजिडस म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वीच्या माराने सांध्यातील कूर्चेला इजा झाली असेल, तर ती हळूहळू झिजत जाते आणि शरीर सांध्याच्या कडेला नवे हाड घालू लागते. चालताना टाच उचलली की अंगठा साधारण ४० ते ६० अंश वर वळावा लागतो. चढावर आणि उकिडवे बसताना त्याहून अधिक. वर वाढलेले हाड त्या वळण्याच्या आड येते, दोन हाडे एकमेकांवर आदळतात आणि आपण म्हणता तशी भिंत लागते. पाखाडी उतरताना अंगठा इतका वळत नाही, म्हणून तेव्हा त्रास होत नाही.

क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध आहे आणि त्याने युरिक ॲसिड वाढते, ही सर्वज्ञात गोष्ट आहे. आपल्या ७.४ या आकड्याचे स्पष्टीकरण काही अंशी तरी या गोळीत असू शकते. मात्र रक्तदाबाची गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नये. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना हा अहवाल दाखवावा. बदल करायचा की नाही ते त्यांनी ठरवायचे आहे.

आपण अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पावलाचा एक्स-रे उभे राहून, पायावर वजन देऊन काढण्याची विनंती करा. समोरून आणि बाजूने, अशा दोन्ही प्रतिमा हव्यात, कारण वरच्या कडेचे हाड बाजूच्या प्रतिमेतच नीट दिसते. सिंधुदुर्गातील वाचकांना ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज सोयीचे पडते. आपल्याला चिपळूण किंवा सावर्ड्याजवळचे डेरवण जवळ आहे.

तोपर्यंत वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून रोज घेऊ नयेत. रक्तदाब असलेल्या आणि लघवीचे औषध चालू असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो आणि रक्तदाबही चढतो. वरून लावायचे वेदनाशामक मलम त्या मानाने सुरक्षित आहे, आणि दिवसाच्या कामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवता येईल.

एक इशारा मात्र सर्वांसाठी आहे. सांधा अचानक लाल, गरम आणि सुजलेला झाला आणि सोबत ताप किंवा थंडी वाजून आली, तर तो गाऊट असेल असे समजून घरी थांबू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्यात एका दिवसाचा उशीरही सांधा कायमचा निकामी करू शकतो. नखाखाली काळा डाग असेल आणि तो मार न लागता पसरत असेल, तर तोही लवकर दाखवावा.

पोफळीचे आगर, ६ ऑक्टोबर

कळवण्यास तीन आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व. साखर उपाशीपोटी ९८ आली. चिपळूणला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी दोन्ही पावले हातात घेऊन तपासली, मला चालायला लावले आणि उभे राहून एक्स-रे काढला. सांध्यातील जागा वरच्या अर्ध्या भागात अरुंद झाली आहे आणि वरच्या कडेला हाडाची चोच दिसते. निदान हॅलक्स रिजिडस हेच लिहिले आहे. गाऊटची कोणतीही खूण दिसली नाही.

रक्तदाबाच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आहे आणि सहा आठवड्यांनी युरिक ॲसिड पुन्हा तपासायला सांगितले आहे. मासे सुरू केले. पत्नीने त्या दिवशी बांगड्याचे तिखले केले आणि चार महिन्यांनी आम्ही सर्व एकाच पंगतीला एकच जेवण जेवलो. तिला या चार महिन्यांत दोन चुली सांभाळाव्या लागल्या, त्याची खंत मला दुखण्यापेक्षा अधिक वाटते.

आता दोन शंका आहेत. मी दिवसभर पातळ रबरी स्लिपर वापरतो. तज्ज्ञांनी कडक तळाचे पादत्राण वापरण्यास सांगितले, परंतु आगरात शिंपण्याच्या पाण्यात बूट टिकत नाहीत. आणि सहा महिन्यांत आराम पडला नाही तर शस्त्रक्रिया करावी लागेल असे ते म्हणाले. ती कशी असते आणि कोणत्या दिवसांत करावी?

निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ, ७ ऑक्टोबर

निदान पक्के झाले, याचा आनंद वाटतो.

पादत्राणाचा विचार असा करावा की जो सांधा वळताना दुखतो, त्याला वळू न देणे हाच उपचार आहे. पातळ स्लिपर बोटांच्या ठिकाणी सहज दुमडते आणि प्रत्येक पावलाला सांध्यालाही दुमडावे लागते. शिवाय ती पायात टिकावी म्हणून अंगठा सतत आवळून धरावा लागतो. त्याऐवजी जाड, न दुमडणाऱ्या तळाची, मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी. ती पाण्यात चालणारी, रेक्झिन किंवा जाड रबराची असली तरी चालेल. दुकानात दोन्ही हातांनी तिची टोके धरून वाकवून पाहा. बोटांच्या जागी वाकली तर ती आपल्यासाठी नाही. तळ पुढच्या बाजूला होडीच्या नाळेसारखा किंचित वर उचललेला असेल तर अधिक उत्तम, कारण मग अंगठा न वळवताही पाऊल पुढे लोळते. याला रॉकर सोल म्हणतात. तयार मिळाला नाही तर चपला शिवणाऱ्या चांगल्या कारागिराकडून जुन्या सँडलला कडक थर आणि पुढे उतार बसवून घेता येतो. माझ्या अनेक रुग्णांनी तसे केले आहे आणि त्यासाठी फार खर्च आलेला नाही. वरचा पट्टा गाठीवर येणार नाही याची काळजी घ्यावी. बेणणीसाठी उकिडवे बसण्याऐवजी वीतभर उंचीचा पाट वापरावा, आणि पाखाडी चढताना पाऊल थोडे तिरके ठेवावे.

शस्त्रक्रिया मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. झीज मर्यादित असेल तर वरची हाडाची चोच आणि सांध्याच्या वरच्या भागातील थोडे हाड काढून वळण्याला वाट करून देतात. सांधा शाबूत राहतो आणि कडक तळाच्या सँडलमध्ये लवकर चालता येते. सांधा पूर्ण झिजलेला असेल तर दोन्ही हाडे स्क्रूने जोडून सांधा कायमचा स्थिर करतात. त्यात अंगठ्याचे वळणे जाते, पण दुखणेही जाते, आणि हाड जुळण्यास सहा आठवडे किंवा अधिक लागतात. आपल्या एक्स-रेच्या वर्णनावरून खालचा अर्धा सांधा बरा दिसतो, त्यामुळे वेळ आलीच तर पहिली शस्त्रक्रिया पुरेशी ठरण्याची शक्यता आहे, पण तो निर्णय आपल्या शल्यविशारदांचा.

काळाविषयी माझे मत ठाम आहे. पावसाळ्यात करू नये. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात आणि जखम पूर्ण भरेपर्यंत पाय चिखलात आणि ओलीत जाता कामा नये, जे आपल्याकडे जून ते सप्टेंबर अशक्य असते. पोफळीची काढणी आटोपल्यावर, मार्च महिन्यात केली तर पहिल्या पावसापूर्वी जवळजवळ तीन महिने हाताशी राहतात. सूज मात्र सहा महिन्यांपर्यंत थोडीफार येत-जात राहील, तिने घाबरू नये.

पुढच्या तपासणीला जाताना सध्या वापरात असलेल्या स्लिपर बरोबर न्या. उजव्या स्लिपरचा तळ कोणत्या बाजूने अधिक झिजला आहे ते पाहिल्यावर, दुखणे चुकवण्यासाठी आपण पाऊल कसे टाकू लागला आहात हे डॉक्टरांना लगेच समजेल. ती सवय लांबली तर पुढे गुडघाही दुखू शकतो.

पोफळीचे आगर, ७ ऑक्टोबर

आत्ताच उलटून पाहिली. उजव्या स्लिपरची बाहेरची कड जवळजवळ संपली आहे, डावी मात्र सारखी झिजली आहे. दोन्ही पिशवीत घालून ठेवल्या आहेत. सोमवारी चिपळूणला जातो, येताना सँडलही पाहतो.